काळी माती, खाणीचं पाणी आणि धातूंची अदलाबदल



पावसाळ्यात हट्ट्याच्या शेतातून आलं की चपलेला चिकटलेली काळी माती आपण काडीने खरवडून टाकतो. आठवी-नववीच्या मुलांना रसायनशास्त्राचा एक मोठा धडा याच मातीतून शिकवता येतो.

आधी प्रश्न समजून घेऊ. अनेक कोळसा खाणींत पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा-पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते खडकातले लोह, मँगनीज, जस्त असे धातू विरघळवतं. विरघळलेला धातू कपड्याने गाळून निघत नाही, उकळूनही जात नाही.

मग माती काय करते? काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट खनिजाचे पापुद्रे ऋणभारित असतात. त्यांच्यामध्ये कॅल्शियम, सोडियमचे धनभारित आयन बसलेले असतात. शिसं किंवा जस्ताचा आयन आला की तो जागा पकडतो, जुना बाहेर पडतो. हा आयनविनिमय. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हे झिओलाइटही असंच काम करतात.

खनिजावर प्रक्रिया कशासाठी?
१. मिठाच्या पाण्यात मुरवलं की आत सोडियम भरतो. तो सैल बसतो, म्हणून धातूला जागा लवकर मिळते.
२. सौम्य आम्लाने धुतलं की छिद्रं मोकळी होतात, पृष्ठभाग वाढतो.
३. खाणीच्या पाण्यात आधी चुना घालतात, नाहीतर आम्लातले हायड्रोजन आयनच जागा अडवतात.

करून पाहा: दोन बाटल्यांत पाणी आणि मिथिलीन ब्लूचे दोन-दोन थेंब घ्या. एकीत चमचाभर वाळू, दुसरीत चमचाभर काळी माती घाला. हलवून रात्रभर ठेवा. मातीच्या बाटलीतला निळा रंग उतरलेला दिसेल, कारण हा रंगही धनभारित आहे. खरे जड धातू मात्र वर्गात वापरू नका.

आणि एक गोष्ट ठासून सांगा. पाणी नितळ दिसलं म्हणजे पिण्याजोगं झालं, असं नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, ती डोळ्यांना कशी दिसणार? शिवाय क्रोमेट, आर्सेनेट ऋणभारित असल्याने मातीला फारसे धरत नाहीत.

शेवटी मुलांना विचारा: धातू संपला, की फक्त जागा बदलली? वापरलेली माती शेतात टाकली तर काय होईल? उत्तर त्यांनाच शोधू द्या.