स्वयंसेवी वैज्ञानिक आणि गावची शाळा : होशंगाबादचा धडा

प्रयोगशाळा, विद्यापीठे व संशोधन संस्था बहुधा मोठ्या शहरांत असतात. त्यांच्यातील ज्ञानाची ज्यांना सर्वाधिक निकड असते, ती खेडी मात्र त्यांच्यापासून दूर असतात. विकसनशील देशांतील हे अंतर कमी करण्यासाठी अनेक वैज्ञानिकांनी आपली रजा, सुट्या व कित्येकदा नोकरीही खर्ची घातली आहे. त्यांच्या त्यागाविषयी आदर बाळगणे योग्यच होय. तथापि, शिक्षण व आरोग्य यांचा कारभार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. पाहुणा वैज्ञानिक परत गेल्यावर गावात काय उरते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच देशातील दोन अनुभव उपयोगी पडतील. पहिला आरोग्याचा असून तो थोडक्यात पाहू. दुसरा शिक्षणाचा असून तो अधिक विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

बनगावचा अनुभव

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. छावण्यांत पटकीची साथ पसरली. कलकत्त्यातील एका संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस आपले सहकारी घेऊन जून महिन्यात सीमेजवळील बनगावच्या रुग्णालयात दाखल झाले. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडले होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे होते आणि ते देऊ शकणारी माणसे त्याहून अपुरी होती.

पटकीचा रोगी दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. पाण्यात मिठाबरोबर ग्लुकोज असेल तर आतडे ते पाणी व क्षार शोषून घेऊ शकते, हे पूर्वीच्या दशकातील संशोधनाने सिद्ध झाले होते. परंतु हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा, असा समज होता. बनगावात तेवढे डॉक्टर नव्हते. म्हणून एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणात मिश्रणाच्या पिशव्या कलकत्त्यात तयार करण्यात आल्या. ते द्रावण मोठ्या पिंपांत भरून ठेवले गेले आणि रोग्याच्या आईने, भावाने, पतीने पेल्यापेल्याने ते त्याला पाजले. सुरुवातीला सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले.

येथे वैज्ञानिकाने केलेले सर्वांत मोठे काम कोणते? त्याने उपचार इतका सोपा केला की, तो नातेवाइकांच्या हाती देता आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जगभर नेली. २००२ मध्ये मिश्रणाच्या प्रमाणात सुधारणा झाली; म्हणून आज द्रावण करताना पाकिटावरील सूचनाच पाळावयाची असते. तेच पाकीट आता आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असते आणि ते देण्यासाठी कलकत्त्याहून कोणाला यावे लागत नाही.

द्रावण पिशवीत भरता आले. शिक्षण मात्र पिशवीत भरून पाठविता येत नाही. म्हणून दुसरा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे.

सोळा शाळांपासून आरंभ

मध्य प्रदेशातील नर्मदाकाठचा होशंगाबाद जिल्हा आज नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. १९७२ साली या जिल्ह्यातील १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान शिक्षणाचा एक नवा प्रयोग राज्य शासनाच्या अनुमतीने सुरू झाला. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधक. ते काम सोडून ते या जिल्ह्यात आले होते.

या प्रयोगाची एक मुळी मुंबईत होती. मुंबई महानगरपालिकेच्या काही शाळांत टाटा संस्थेतील वैज्ञानिकांनी प्रयोगांतून भौतिकी शिकविण्याचा उपक्रम यापूर्वीच हाती घेतला होता. त्यातील अनुभव होशंगाबादला उपयोगी पडला. संस्थेने आपल्या वैज्ञानिकांना या कामात भाग घेण्याची मुभा दिली. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील अध्यापक येऊ लागले आणि या कामासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना शिष्यवृत्तीची सोय करून दिली. विश्वकिरणांचा अभ्यास करणारे प्रा. यशपाल यांच्यासारखे नामवंतही खेड्यातील मुलांच्या प्रश्नांत रस घेऊ लागले.

वैज्ञानिकांनी येथे व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची कार्यपुस्तके शिक्षकांच्या सोबतीने घडविली. या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. प्रयोगाच्या सूचना व प्रश्न असत. मुले चार-चारच्या गटात बसत, प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत लिहीत आणि मग सगळा वर्ग चर्चा करून निष्कर्षाला येई. शेत, नाला, झाडाचे पान व डबक्यातील बेडकाची अंडी ही अभ्यासाची साधने झाली. एकच लांबी दहा मुलांनी मोजली तर दहा आकडे थोडेफार निराळे येतात. खरा आकडा कोणता आणि का, हा वाद वर्गात रंगला की विज्ञानाचा पहिला धडा शिकवून झाला, असे समजावयास हरकत नाही.

पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे तरुण अभियंता श्री. अरविंद गुप्ता १९७८ साली एक वर्षाची रजा घेऊन येथे आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाडी यांच्या साहाय्याने त्रिकोण, चौकोन व त्रिमितीय आकृत्या जोडण्याची त्यांची युक्ती याच काळातील. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पूल व छप्पर यांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला हाताने कळते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे चालविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

शिक्षक हा कार्यक्रमाचा कणा

सोळा शाळा वैज्ञानिकांना सांभाळता आल्या असत्या. संपूर्ण जिल्हा सांभाळणे त्यांना शक्य नव्हते. १९७८ साली शासनाने हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व संबंधित शाळांत, म्हणजे दोनशेहून अधिक ठिकाणी नेण्याचे ठरविले, तेव्हा सारा भार शिक्षकावर आला. त्याच्यासाठी काय केले गेले, हे प्रशासनाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पहिली गोष्ट प्रशिक्षणाची. उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवड्यांचे शिबिर होई व त्यात शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन प्रत्येक प्रयोग करीत. दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. वर्षभर शाळाभेटी होत आणि काही शाळांचे शिक्षक दरमहा एका केंद्रात जमून आपल्या अडचणी मांडीत. जो प्रयोग वर्गात फसला, त्यावर या बैठकीत बोलता येई. तिसरी गोष्ट साहित्याची. प्रत्येक शाळेला प्रयोग-साहित्याचा संच दिला जाई. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट परीक्षेची. विद्यार्थ्याला पुस्तक व वही सोबत नेण्याची मुभा होती, प्रश्न विचार करावयास लावणारे असत आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होई. जे शिकविले तेच तपासले जाऊ लागले, म्हणून शिक्षकाला नवी पद्धत सोडून घोकंपट्टीकडे वळण्याचे कारण उरले नाही.

या सर्वांतून गावच्या शाळेतील शिक्षकच पुढे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देऊ लागले. काही वर्षांपूर्वी मुंबई-दिल्लीच्या वैज्ञानिकांनी बजावलेली भूमिका आता ते बजावीत होते. १९८२ साली या कामाची धुरा वाहण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि कार्यक्रम राज्यातील इतर जिल्ह्यांतही पोचला.

२००२ चा निर्णय

तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला. या पद्धतीने शिकलेली मुले पुढे शालान्त परीक्षेत विज्ञानात मागे पडतात, असा मुख्य आक्षेप होता. कार्यक्रमाच्या समर्थकांना तो मान्य नव्हता. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु त्यातून निघणारा बोध टाळता येणार नाही.

आठवीपर्यंत मूल प्रश्न विचारावयास शिकले आणि नववीत त्याच्यापुढे पुन्हा पाठांतराचे पुस्तक आले. दोन टप्प्यांमधला हा सांधा जुळला नाही. साहित्याचा संच वेळेवर पुन्हा भरला गेला नाही की प्रयोग फळ्यावरच होत. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की शाळेतील पद्धतही त्याच्याबरोबर जाई. पालकांना आपला मुलगा वर्गात पाने व खडे घेऊन काय करतो, हे पुरेसे उलगडून सांगितले गेले नाही, तर निकालाची भीती दाखविणाऱ्याचे म्हणणे त्यांना लगेच पटते. वैज्ञानिकांचा व शिक्षकांचा पाठिंबा असूनही कार्यक्रमाला गावाच्या व सभागृहाच्या पाठिंब्याची गरज असते, हे या निर्णयाने दाखवून दिले.

काय उरले?

आदेशाने वर्गातील पुस्तक बदलले, पण सर्वच पुसले गेले नाही. शेकडो शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने प्रयोग केले होते. ती सवय आदेशाने जात नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली दप्तराच्या व पाठांतराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचेही तेच अध्यक्ष होते. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, हा त्या आराखड्याचा गाभा होशंगाबादच्या वर्गांत आधीच पारखला गेला होता. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले आणि नर्मदाकाठचा विचार मराठी शिक्षकाच्या टेबलावर आला.

आपल्याकडे काय करता येईल?

आज एखादे महाविद्यालय, संशोधन संस्था किंवा निवृत्त वैज्ञानिकांचा गट जिल्हा परिषदेच्या शाळेत अथवा आरोग्य उपकेंद्रात काम करू इच्छितो, असे अनेकदा घडते. स्वागताचा हार घालून व एक व्याख्यान ठेवून त्याला निरोप देणे सोपे आहे. त्याऐवजी वरील दोन अनुभवांवरून पुढील गोष्टी ठरविता येतील.

१. पाहुण्याने मुलांना एकदा प्रयोग दाखविण्यापेक्षा शिक्षकाकडून तो करवून घ्यावा आणि दोन महिन्यांनी पुन्हा यावे. आरोग्याच्या बाबतीत हेच सूत्र आशा कार्यकर्ती व माता यांना लागू करावे.

२. साहित्य शक्य तो गावच्या बाजारात मिळणारे असावे. जी वस्तू तालुक्याला दुरुस्त होत नाही, ती वर्षभरात कपाटात जाते.

३. शिक्षकाच्या बैठकीचा व प्रशिक्षणाचा काळ कामाचा काळ मानण्यात यावा. प्रत्येक शाळेत एकाऐवजी दोघांना प्रशिक्षण द्यावे, म्हणजे एकाच्या बदलीने काम थांबणार नाही.

४. जे नव्याने शिकविले जाईल, त्याची परीक्षाही त्याच पद्धतीने व्हावी. पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांना आरंभापासून सोबत घ्यावे.

५. पंचायत सदस्यांनी व शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून किमान एकदा मुलांचे प्रयोग गावासमोर मांडावेत. आपला मुलगा वा मुलगी काय शिकते, हे ज्या पालकाने डोळ्यांनी पाहिले आहे, तो त्या उपक्रमाची बाजू सभेत उभी राहून मांडतो.

वैज्ञानिकाने दिलेला वेळ मोलाचा खरा. पण तो संपणारा असतो. बनगावात आईच्या हाती पेला दिला गेला आणि पुढे शासनांनी ते पाकीट आपले मानले, म्हणून ते काम टिकले. होशंगाबादेत शिक्षकाच्या हाती भिंग व वही दिली गेली, परंतु भोवतीची व्यवस्था शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी राहिली नाही. आपल्या शाळेत वा उपकेंद्रात उद्या कोणी ज्ञानी स्वयंसेवक आला, तर पहिल्याच दिवशी त्याच्यासमवेत बसून एक गोष्ट लिहून काढावी : हे काम पुढे कोण करणार, आणि त्याला वेळ व साहित्य कोण देणार? त्या ओळीत गावातील नावे आली, तर तो उपक्रम सुरू करण्यास हरकत नाही.