मालवाहू गाडीचे पाटे : झीज कशी ओळखावी व बदल कसा करावा

शेतात पिकविलेला माल सुस्थितीत बाजारात पोहोचणे हे पीक काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पूर्वी हे काम बैलगाडीवर होत असे; आज ते बहुतांशी छोट्या मालवाहू मोटारीवर होते. १९८६ साली टाटा ४०७ ही गाडी बाजारात आली. तेव्हापासून छोटा ट्रक आणि पुढे पिकअप गाडी अनेक बागायतदारांच्या अंगणात दिसू लागली. बैलगाडीच्या आरीला वंगण केव्हा द्यावे हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोटारीच्या पाट्यांची तशी पारख मात्र अद्याप सर्वांस झालेली नाही. ती व्हावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

गेल्या हंगामात प्रस्तुत लेखक मुंबईत परळच्या भोईवाड्यात गेला असता एका गल्लीच्या तोंडाशी एक जुनी पिकअप गाडी डाव्या अंगास कललेली दिसली. गाडी जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो बागायतदाराची होती. मुंबईचा भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ साली वाशीस गेला, तरी दादरला पहाटे भाजी उतरतेच. हे गृहस्थ रात्री माळशेज घाट उतरून, दादरला माल देऊन परत निघाले होते. सोबत त्यांचा मुलगा होता. मागील डाव्या बाजूचा मुख्य पाटा मधोमध तुटला होता, आणि चौदा महिन्यांत पाटा तुटण्याची ही तिसरी खेप होती. दोन वेळा नवा पाटा घातला गेला. दुसऱ्या वेळी तर गाडी बसू नये म्हणून दोन्ही बाजूंस एकेक जादा पाटाही चढविला गेला. तरीही पाटा तुटला.

मिस्त्रींनी तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “काका, पाटा नवा घालतो. पण हे यू-बोल्ट जुनेच ठेवले, तर तुम्ही पुन्हा येणार.” या एका वाक्यात या विषयाचे सार आहे. पाटा बदलण्यापूर्वी तो का तुटला हे शोधले पाहिजे.

पाट्याचे कार्य

ओझे वाहणारा भोई पावलागणिक किंचित लवतो, म्हणून पालखीतील माणसास हिसका बसत नाही. पाट्याचे कार्य तेच होय. लवचीक पोलादाच्या कमी कमी लांबीच्या पट्ट्या एकमेकींखाली रचून पाट्याची जुडी होते. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस डोळे असतात व त्यांत बुश बसतात. सर्व पट्ट्यांना मधोमध छिद्र असून त्यातून सेंटर बोल्ट जातो. त्याचे डोके ॲक्सलवरील खोबणीत बसते आणि ॲक्सल जागेवर राहते. संपूर्ण जुडी यू-बोल्टांनी ॲक्सलशी आवळलेली असते. ओझ्याखाली पाटा सपाट होऊ लागला की त्याची लांबी वाढते. म्हणून एका टोकास झुलणारे शॅकल दिलेले असते.

झिजेची चिन्हे

गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी व चारही चाकांतील हवा योग्य आहे याची खात्री करावी. नंतर पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. ॲक्सलपासून चेसिसपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस टेपने मोजावी. सुमारे एक इंच किंवा अधिक फरक आढळल्यास कमी उंचीच्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा तुटला आहे असे समजावे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर फरक दिसणार नाही. म्हणून गाडी नवी असतानाची किंवा तशाच चांगल्या गाडीची उंची ताडून पाहावी.

२. दोन्ही बाजूंस पुढील चाकाच्या मध्यापासून मागील चाकाच्या मध्यापर्यंत दोरी धरावी. अंतर सारखे नसेल तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकल्याचा संभव असतो. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. ती मालासह मुळीच चालवू नये.

३. तारेच्या ब्रशने पाटे स्वच्छ करून रॉकेल किंवा डिझेल लावावे, कोरडे पुसावे व वरून खडू घासावा. बारीक चीर असल्यास आत मुरलेले तेल खडूवर रेघेच्या रूपाने उमटते.

४. खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येत असल्यास बुश व शॅकलची पिन पाहावी. पहारीने हलकेच उचकटल्यास झिजलेला बुश खेळताना दिसतो.

५. गाडीचा मागील भाग दाबून सोडावा. तो दोन-तीन वेळांहून अधिक हेलकावत राहिला तर दोष बहुधा शॉक ॲब्सॉर्बरचा असतो, पाट्याचा नव्हे. या दोहोंत गफलत होऊन नवे पाटे विनाकारण घातले जातात.

तुटण्याची जागा काय सांगते

मधोमध, छिद्रापाशी, पाटा तुटला असेल तर यू-बोल्ट सैल होते असे बहुधा समजावे. छिद्रामुळे तेथे पोलाद कमी असते. यू-बोल्ट घट्ट असतील तर तो भाग लवतच नाही. सैल झाले की तोच प्रथम लवू लागतो. डोळ्यापाशी किंवा टोकाकडे तुटला असेल तर अति ओझे, जोराचे धक्के किंवा गंजून अडकलेले शॅकल यांचा संशय घ्यावा. वर सांगितलेल्या गाडीच्या यू-बोल्टांचे आटे झिजून बोल्ट ताणले गेले होते, आणि दोन्ही दुरुस्त्यांच्या वेळी तेच पुन्हा वापरले गेले होते.

बदलण्याची पद्धत

हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. परंतु मालकाने शेजारी उभे राहून ते नीट होते की नाही हे पाहावे.

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून उरलेल्या चाकांना उटी लावावी. जॅकने चेसिस उचलून ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. ॲक्सलला स्वतंत्र टेकू द्यावा. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे. यू-बोल्ट काढून नंतर दोन्ही टोकांच्या पिना काढाव्यात. जुडी जड असल्याने ती उतरविण्यास दोन माणसे असावीत. जुडी सोडताना ती वाइसमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट धरल्याशिवाय सेंटर बोल्ट सोडू नये. ताणलेल्या पट्ट्या उसळून इजा होते.

पाटे शक्यतो दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक बाजू नवी व एक थकलेली असल्यास गाडी कललेलीच राहते. यू-बोल्ट, नट, सेंटर बोल्ट व बुश नवेच घालावेत. सेंटर बोल्टचे डोके खोबणीत बरोबर बसल्याची खात्री करून यू-बोल्टचे नट आलटून पालटून, समोरासमोरचे, सारखे आवळावेत. आवळण्याचे माप गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. रबरी बुश असतील तर टोकांच्या पिना गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच पक्क्या आवळाव्यात. अन्यथा रबर पिळले जाऊन लवकर फाटते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नेमके हेच काम विसरले जाते.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नये. पोलादास दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते व पाटा पुन्हा तेथेच मोडतो. भट्टीत तापवून ठोकून कमान आणलेला पाटाही योग्य उष्णता-संस्कार नसेल तर टिकत नाही.

जादा पाटा नको

पाटा हा गाडीचा एक तराजूच आहे. गाडी बसली म्हणजे ओझे जास्त झाले, असे तो सांगतो. जादा पाटा घातला की गाडी बसलेली दिसत नाही, परंतु ब्रेक, टायर, ॲक्सल व चेसिस यांची शक्ती तेवढीच राहते. हे मापात पाप करण्यासारखे आहे, आणि त्याचा हिशेब घाटाच्या उतारावर द्यावा लागतो.

ओझ्याचा हिशेब सोपा आहे. समजा, नोंदणीपत्रात एकूण वजन २,७०० किलो व रिकाम्या गाडीचे वजन १,४५० किलो लिहिले आहे. फरक १,२५० किलो. चालक व सोबती यांचे १३० किलो वजा केल्यास १,१२० किलो उरतात. टोमॅटोचे भरलेले क्रेट २२ किलोचे धरल्यास ५० क्रेट होतात. अशा गाडीत ८० क्रेट भरल्यास ६४० किलो ओझे जादा होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा ओझ्यासाठी २०,००० रुपये व जादा दर टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

त्या बागायतदारांनी हा हिशेब तेथेच, गाडीच्या फळीवर खडूने मांडून पाहिला. त्यांनी जादा पाटे उतरविले, दोन्ही बाजूंचे पाटे व यू-बोल्ट नवे घातले आणि संध्याकाळी मुलासह घाटाची वाट धरली. भाव चढा असला की चार क्रेट अधिक भरावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जी गाडी माल नेते तीच घरच्या माणसांनाही परत आणते, हे शेतकरी बंधूंनी प्रत्येक भरतीच्या वेळी ध्यानात ठेवावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढून पाटे मोजून पाहावेत, ही विनंती.