दम्याचा वर्षाचा हिशेब : नामपल्लीची वारी आणि घरातला पंप

मृग लागायची वेळ झाली की महाराष्ट्रातून कितीतरी आईवडील दम्याच्या मुलामुलींना घेऊन हैदराबादला निघतात. नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर बथिनी गौड कुटुंब मरळ माशाच्या दोन-तीन इंची जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध भरून ते गिळायला देतं. शाकाहारींना तेच गुळातून मिळतं. कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे ही प्रथा १८४५ पासूनची आहे. सलग तीन वर्षं यायचं आणि दर वेळी ४५ दिवस पथ्य पाळायचं. औषधात काय आहे हे कुटुंबाने जाहीर केलेलं नाही, आणि त्याने दमा बरा होतो याला वैद्यकीय चाचण्यांचा आधार नाही.

औषधाचे पैसे घेत नाहीत. मासा मात्र मैदानावरच्या मत्स्य खात्याच्या काउंटरवर विकत घ्यावा लागतो. खरा खर्च प्रवासाचा. मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेस थेट नामपल्लीच्या स्टेशनात येते. दोघांचं स्लीपरने जाणं-येणं, एक-दोन रात्रींचा लॉज, रिक्षा आणि जेवण धरलं तर चार ते पाच हजार रुपये लागतात. तीन वर्षांचे बारा ते पंधरा हजार. श्रद्धेने जाणाऱ्याला कुणी अडवू नये. पण पंप बंद करून जाऊ नका, आणि त्या ४५ दिवसांतही तो बंद करू नका. धाप लागलेली असताना जिवंत मासा गिळायला लावणं धोक्याचं आहे, तेव्हा त्या दिवशी मुलाला दम लागत असेल तर रांगेत उभं राहू नका.

आता घरचा हिशेब. किमती ब्रँडनुसार कमीजास्त होतात, हे आकडे अंदाजासाठी. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असलेला १२० पफचा रोजचा पंप साधारण ४०० ते ५०० रुपयांना मिळतो. सकाळ-संध्याकाळ एकेक पफ असेल तर तो दोन महिने पुरतो, दोन-दोन असतील तर एक महिना. म्हणजे वर्षाला अडीच ते सहा हजार. पंपाला जोडायचा स्पेसर २०० ते ६०० रुपयांचा, तो एकदाच घ्यायचा. श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर ४०० ते ८००. छातीच्या डॉक्टरांच्या तीन-चार भेटींचे दोन हजार धरा. एकूण वर्षाचे पाच ते साडेनऊ हजार. जनऔषधी केंद्रात पंप आहे का ते आधी विचारा, तिथे हा आकडा बराच खाली येतो. तुलनेला एवढंच सांगते : एका मोठ्या अटॅकनंतर खासगी दवाखान्यात दोन रात्री काढाव्या लागल्या तर बिल वर्षभराच्या औषधांच्या पुढे सहज जातं.

पैसे वाचवायला लोक सर्वांत आधी रोजचा पंप बंद करतात आणि निळा, लगेच आराम देणारा सालब्युटामॉलचा पंप तेवढा ठेवतात. तो दीडशे-दोनशेला मिळतो, म्हणून स्वस्त वाटतो. पण तो श्वासनलिकेची सूज कमी करत नाही. दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की १२ वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती सोडा. रोजच्या पंपातल्या स्टेरॉइडचं म्हणाल तर त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, अटॅकच्या वेळी द्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचा मिलिग्रॅममध्ये. उंचीवर परिणाम होऊ शकतो, पण तो साधारण एका सेंटिमीटरच्या आसपास. वारंवार दमणाऱ्या मुलाचं नुकसान त्याहून फार मोठं असतं.

स्पेसर घ्याच. थेट तोंडात मारलेल्या पफचा मोठा भाग घशातच बसतो, म्हणजे पैसेही तिथेच जातात. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन वाऱ्यावर वाळवा, फडक्याने पुसू नका.

सगळ्यात अवघड भाग पैशांचा नाहीच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गात पंप काढायची लाज वाटते, आईने रोज विचारलेलं नको असतं, आणि बरं वाटू लागलं की तो औषध सोडतो. ओरडून हे सुटत नाही. पंप टूथब्रशशेजारी ठेवा : आधी पफ, मग चूळ आणि दात. चूळ भरल्याने तोंडात बुरशी होण्याचा धोका कमी होतो आणि सवय आपोआप जुळते. बारा-तेराव्या वर्षी तुम्ही समोर उभे राहा. पुढे पफचा आकडा बघणं आणि पंप संपण्याआधी सांगणं त्याच्याकडे सोपवा. डॉक्टरांपुढे प्रश्न त्यालाच विचारू द्या, आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. हुक्का, सिगारेट किंवा व्हेपबद्दल मुलं आईवडिलांसमोर खरं बोलत नाहीत.

महिन्यातून एकदा त्याने स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदाहून जास्त त्रास झाला का? रात्री जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनदाहून जास्त लागला का? खेळणं सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर भेटीची तारीख पुढे ढकलू नका. खेळ मात्र बंद करू नका. गरज असेल तर खेळण्याआधी कोणता पंप घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरातली विडी आणि डासांची कॉइल बंद करायला पैसे लागत नाहीत.

नामपल्लीत असताना त्रास वाढला तर लहान मुलांसाठी जवळच रेड हिल्सला १९५३ मध्ये सुरू झालेलं सरकारी निलोफर रुग्णालय आहे, मोठ्यांसाठी एर्रागड्डाचं सरकारी छाती रुग्णालय. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर स्पेसरमधून तो पंप देत राहा आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका तेलंगणात आणि महाराष्ट्रातही मोफत आहे.