बॅटरी का उतरत होती?

दिवाळीची सुट्टी संपवून मी शाळेत परतलो आणि तीनच आठवड्यांत घरून फोन आला, की मोटारसायकलची बॅटरी गेली. बाबांनी नवी बसवली. डिसेंबरच्या सुट्टीत मी इंदूरला घरी पोहोचलो, तेव्हा ती नवी बॅटरीही उतरू लागली होती.

बाबा सैन्यातून निवृत्त होऊन आता सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. त्यांची पाळी सकाळी सहाला सुरू होते. उजव्या गुडघ्याच्या जुन्या दुखापतीमुळे त्यांना किक मारता येत नाही. गाडी सेल्फवरच सुरू व्हावी लागते. मी नसताना आई आणि शेजारचे काका पहाटेच्या थंडीत गाडी ढकलत. तरी महिन्यात दोनदा बाबांना उशीर झाला. सैन्याच्या नोकरीत एकही हजेरी न चुकवलेल्या माणसाला ते किती लागले असेल, हे आपल्या शाळेतल्या मुलांना सांगायला नको.

मी ठामपणे म्हणालो, "बाबा, दुकानदाराने तुम्हाला जुना माल दिला आहे. बदलून मागा." माझ्या शब्दावर बाबा दुकानात गेले. दुकानदाराने बॅटरी पूर्ण चार्ज केली, तिच्यावर लोड टाकून तपासली आणि ती उत्तम असल्याचे दाखवून दिले. बाबा काही न बोलता परत आले.

आमचे भौतिकशास्त्राचे सर प्रयोगशाळेत नेहमी सांगतात, "आधी मोजा, मग बोला." मी नेमके उलटे केले होते. मग शेजारच्या काकांकडून मल्टीमीटर आणला आणि क्रमाने तपासणी सुरू केली.

पहिली तपासणी, स्वस्थ बॅटरीची. बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती साधारण अर्धी रिकामी असते. आमची बॅटरी चार्ज करून रात्रभर वायर काढून ठेवली, तर सकाळी १२.७ होती. म्हणजे ती आतून धरून होती. टर्मिनलही घट्ट आणि स्वच्छ होते.

दुसरी तपासणी, सेल्फ मारताना. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज खाली येणारच. पण ते दहाच्या खूप खाली गेले, तर बॅटरी कमजोर समजावी. आमचे १०.६ वर थांबले.

तिसरी तपासणी, चार्जिंगची. इंजिन चालू असताना मॅग्नेटोतली वीज रेग्युलेटरमार्फत बॅटरीत जाते. रेस वाढवल्यावर मीटरवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. व्होल्टेज वाढलेच नाही तर बॅटरी भरत नाही. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी जास्त चार्ज होऊन खराब होईल. आमच्याकडे १४.१ आले.

बॅटरी चांगली, चार्जिंगही चांगले. मग वीज जात होती कुठे? आईच्या एका वाक्याने दिशा मिळाली, "बहुतेक सोमवारीच बंद पडते रे." रविवारी कारखान्याला सुट्टी असते. म्हणजे गाडी उभी असतानाच बॅटरी रिकामी होत होती.

चौथी तपासणी, गळतीची. किल्ली बंद केली आणि बॅटरीची ऋण वायर सोडली. मीटर दहा अँपिअरच्या जागी लावून एक टोक त्या वायरला, दुसरे बॅटरीच्या ऋण टर्मिनलला टेकवले. (या जोडणीत किल्ली लावायची नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटर जळेल.) बंद गाडीत फार तर काही मिलिअँपिअर जावेत. मीटरने ०.०७ अँपिअर, म्हणजे ७० मिलिअँपिअर दाखवले.

हिशेब करून पाहा. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी पहाटेपर्यंत सुमारे ३६ तास. ३६ गुणिले ०.०७ म्हणजे अडीच अँपिअर-तास. आमची बॅटरी पाच अँपिअर-तासांची. निम्मी वीज उभ्या उभ्या गेली! त्यात थंडीमुळे बॅटरीची ताकद कमी होते, आणि रोजच्या सहा-सात किलोमीटरच्या फेरीत ती पुरती भरून निघत नाही.

गळती कोणत्या शाखेत आहे हे शोधायला एकेक फ्यूज काढला. सगळे निघाले, तरी आकडा हलला नाही. याचा अर्थ एकच, कुठलीतरी वायर फ्यूज टाळून थेट बॅटरीला जोडलेली होती. ती वायर कोणाची, हे मला त्याच क्षणी कळले. दिवाळीच्या सुट्टीत बाबांसाठी हँडलवर मोबाइल चार्जर मीच बसवला होता. निळे आकडे दाखवणारा, स्वस्तातला. घाईत तो थेट बॅटरीला जोडला, फ्यूजही लावला नाही. दिवसरात्र तो वीज पीत होता. वायर कुठे घासली असती तर आगही लागली असती.

ती वायर सोडली. मीटर शून्यावर आले.

बाबांना सगळे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "उद्या दुकानात तू यायचंस." मी गेलो आणि दुकानदाराची माफी मागितली. नंतर तो चार्जर किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवर, दोन अँपिअरचा फ्यूज लावून जोडला. पुढच्या सोमवारी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

मित्रहो, बॅटरी वारंवार उतरत असेल तर हाच क्रम ठेवा : स्वस्थ व्होल्टेज, सेल्फ मारताना, चार्जिंग, गळती. वायर काढताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी. बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरू देऊ नका. प्लेटांवर शिशाचा सल्फेट घट्ट बसतो आणि चांगली बॅटरीही कायमची निकामी होते. आमची पहिली बॅटरी बहुधा अशीच गेली. आणि दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी, बिघाड सुरू होण्यापूर्वी गाडीला शेवटचा हात कोणी लावला, हे स्वतःला विचारा. माझ्या बाबतीत उत्तर घरातच होते.