गोळीने कॅन्सर टळतो का?

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. जीपीने घरातल्या सगळ्यांना वर्षभर व्हिटॅमिन डी घ्यायला सांगितलंय. जाऊबाई म्हणतात, मग ई आणि बीटा-कॅरोटीनही सुरू करा, कॅन्सर फिरकत नाही. सासरे आमच्याकडेच असतात, वय ६८, सिगारेट सुटत नाही. त्यांच्यासाठी बाटली आणून ठेवलीये. देऊ का? (एक वाचक)

उत्तर : सासऱ्यांना ती बाटली देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर कमी दिसतो आणि त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं. मग गाजरातलं हे द्रव्य गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर हे करून पाहिलं. १९९४ साली निकाल आला तो उलटाच : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतल्या अशाच प्रयोगात वाढ २८ टक्के निघाली आणि जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या. (गाजराची कोशिंबीर खुशाल करा. धोका दिसला तो गोळीतल्या मोठ्या मात्रेचा.)

व्हिटॅमिन ईचीही तीच गत. ३५ हजारांवर पुरुषांच्या अमेरिकी अभ्यासात २०११ साली ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. मल्टिव्हिटॅमिनच्या बाजूने एक निकाल आहे, तोही सांगायला हवा : १४,६४१ अमेरिकी पुरुष डॉक्टरांमध्ये दहा-अकरा वर्षांनी कॅन्सर ८ टक्के कमी. पण तेवढ्यावर साऱ्या घराला गोळ्या चालू कराव्यात, असं मला वाटत नाही.

आता डी. जीपीचा सल्ला बरोबर आहे, फक्त त्याचं कारण कॅन्सर नव्हे, हाडं आणि स्नायू. मँचेस्टरात ऑक्टोबर ते मार्च उन्हात डी बनवण्याइतका जोरच नसतो. आणि उन्हाळ्यातही आपल्या सावळ्या कातडीला ते ऊन पुरत नाही. मँचेस्टर विद्यापीठात लेस्ली ऱ्होड्स आणि अ‍ॅन वेब यांच्या गटाने दक्षिण आशियाई स्वयंसेवकांना टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे दिव्याखाली उन्हाळी उन्हाची मात्रा दिली. तरी त्यांच्या रक्तातलं डी पुरेशा पातळीला पोहोचलं नाही. म्हणून एनएचएस आपल्यासारख्यांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. कॅन्सरसाठी म्हणाल, तर २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना याच्या पाचपट डी दिलं. कॅन्सर होणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. ‘२५ मायक्रोग्रॅम, ५०० टक्के’ असं दिसलं की आपण दचकतो. ते म्हणजे १,००० युनिट, मोठ्या माणसाला चालतं. वरची मर्यादा रोज १०० मायक्रोग्रॅम. खरी काळजी भारतातून बॅगेत येणाऱ्या ६०,००० युनिटांच्या पुड्यांची. एका पुडीत १,५०० मायक्रोग्रॅम असतात आणि ती कमतरता निघालेल्या रुग्णाला डॉक्टर ठरावीक आठवडेच देतात. चहासोबत घरभर वाटायची ती वस्तू नव्हे.

सासऱ्यांसाठी काही करायचंच असेल, तर जीपीकडून सिगारेट सोडवायची मदत मागा. दुसरं, २०१६ साली मँचेस्टरातच शॉपिंग सेंटरांच्या आवारात स्कॅनरची गाडी उभी करून सिगारेट ओढणाऱ्यांची फुप्फुसं तपासायला सुरुवात झाली. सापडलेले बहुतेक कॅन्सर पहिल्या टप्प्यांतले होते. आता ५५ ते ७४ वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा सोडलेल्या लोकांना एनएचएस अशा तपासणीला बोलावते. त्यांचं नाव जीपीकडे नोंदलेलं आहे ना, आणि ते सिगारेट ओढतात हे तिथे लिहिलेलं आहे ना, एवढं या आठवड्यात विचारून घ्या.