उधारीचा हिसाब आणि ‘आर’ संगणक प्रणाली

दुकानात किती थान शिल्लक आहेत हे आपण तोंडी सांगू शकतो. पण कोणत्या पार्टीचा पैसा सरासरी किती दिवसांनी येतो, असे विचारले तर बहुतेकांना अंदाजच सांगावा लागतो. कापडाच्या धंद्यात भांडवल बुडते ते बहुधा याच अंदाजात. माल विकला जातो, नफाही वहीत दिसतो, पण सुताचे पैसे द्यायची वेळ आली की गल्ला रिकामा असतो.

बिले लिहिण्यासाठी आता बहुतेक दुकानांत संगणक आहे. पण लिहिलेल्या बिलांतून अर्थ काढणे हे वेगळे काम आहे. त्यासाठी ‘आर’ नावाची प्रणाली फार उपयोगाची आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या काळात ती तयार केली. तिचा पाया म्हणजे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये सुरू झालेली ‘एस’ ही भाषा. ‘आर’ची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ती विनामूल्य आहे. परवाना विकत घ्यावा लागत नाही, वार्षिक फी नाही. त्यामुळे ही प्रणाली चोरून वापरण्याचा प्रश्नच येत नाही. विद्यापीठांत आणि मोठ्या कंपन्यांत जे अवजार वापरतात, तेच आपल्या गाळ्यातही चालते.

मांडणी कशी करावी

१) ‘आर’ नेहमी ‘क्रॅन’ या तिच्या अधिकृत भांडारातूनच उतरवून घ्यावी. कोणी दिलेल्या पेनड्राइव्हवरून घेऊ नये. आधी ‘आर’ बसवावी, मग ‘आरस्टुडिओ’. पहिले इंजिन आहे, दुसरे त्यावर बसण्याची जागा आहे. नुसता ‘आरस्टुडिओ’ बसवून काम होत नाही.

२) प्रत्येक कामासाठी वेगळा फोल्डर करावा. त्यात तीन कप्पे ठेवावेत : मूळ नोंदी, आज्ञांची फाइल आणि निकाल. मूळ नोंदींच्या फाइलला पुन्हा हात लावू नये. पक्की वही आपण खोडत नाही, तसेच हे. ‘आरस्टुडिओ’त त्या फोल्डरचा ‘प्रोजेक्ट’ करून ठेवला की फाइल कुठे आहे हे दर वेळी सांगत बसावे लागत नाही.

३) विंडोजमध्ये फाइलचा पत्ता उलट्या तिरक्या रेघेने लिहितात. ‘आर’मध्ये त्या रेघेचा अर्थ निराळा आहे. म्हणून पत्ता लिहिताना सरळ तिरकी रेघ, म्हणजे भागाकारासाठी वापरतो ती, टाकावी. नव्या माणसाचा पहिला दिवस बहुधा याच चुकीत जातो.

४) बंद करताना ‘वर्कस्पेस जतन करू का?’ असे विचारले जाते. उत्तर ‘नाही’ द्यावे आणि सेटिंगमध्येही तसेच ठरवून टाकावे. कालचे उरलेले आकडे आजच्या हिसाबात मिसळले तर चूक सापडता सापडत नाही. जतन करायची ती आज्ञांची फाइल. ती असली की सगळा हिसाब दोन मिनिटांत पुन्हा उभा राहतो.

५) जादा सोयींची ‘पॅकेजेस’ एकदाच बसवायची असतात, पण प्रत्येक वेळी काम सुरू करताना ‘लायब्ररी’ या आज्ञेने ती पुढ्यात घ्यावी लागतात. हत्यार विकत घेणे एकदा, पेटीतून काढणे रोज.

नोंदी कशा असाव्यात

एक ओळ म्हणजे एक बिल आणि एक रकाना म्हणजे एकच गोष्ट : बिल नंबर, बिलाची तारीख, पार्टीचा कोड, मीटर, दर, रक्कम, पैसे आल्याची तारीख. मध्येच बेरजेची ओळ घालू नये, नाहीतर ती रक्कम दोनदा मोजली जाते. पार्टीचे नाव एकदा ‘शेख’ आणि एकदा ‘शेख’पुढे मोकळी जागा असे लिहिले गेले, तर संगणक त्या दोन पार्ट्या समजतो. म्हणून नावाऐवजी कोड बरा. फाइल ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन करावी आणि ‘रीड डॉट सीएसव्ही’ या आज्ञेने आत घ्यावी. (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. लहान आणि मोठी अक्षरे ‘आर’ वेगळी मानते, हेही ध्यानात ठेवावे.)

दोन जागी हमखास फसगत होते. पहिली रकमेची. १,२५,००० असे स्वल्पविराम घालून लिहिले तर ‘आर’ त्याला आकडा न मानता शब्द मानते. ‘जी-सब’ या आज्ञेने स्वल्पविराम काढावेत आणि मग ‘अ‍ॅज डॉट न्यूमेरिक’ने त्याचा आकडा करावा. दुसरी तारखेची. आपण ०५-०६-२०२४ असे लिहितो, म्हणजे दिवस, महिना, वर्ष. पण आपण क्रम सांगितला नाही तर ‘अ‍ॅज डॉट डेट’ ही आज्ञा आधी वर्ष शोधते. ती याच तारखेला इसवी सन ५ मधील २० जून समजून बसते आणि चूक झाल्याचे सांगतही नाही. म्हणून तारखेचा नमुना नेहमी लिहून द्यावा आणि वर्ष चार आकडी ठेवावे.

नोंदी आत आल्या की आधी ‘एस-टी-आर’ आणि ‘समरी’ या दोन आज्ञा द्याव्यात. कोणता रकाना आकडा आहे, कोणता शब्द आहे, सर्वांत लहान आणि मोठी रक्कम किती आहे, हे लगेच दिसते. त्यानंतर रकमांची एकूण बेरीज करून वहीतल्या बेरजेशी ताडून पाहावी. एका रुपयाचाही फरक असेल तर पुढे जाऊ नये. मापच चुकीचे असेल तर कात्री कितीही धारदार असून काय उपयोग?

उधारीचा खरा आकडा

पैसे आल्याच्या तारखेतून बिलाची तारीख वजा केली की दिवस मिळतात. आता समजा, सात पार्ट्यांनी अनुक्रमे २०, २५, २८, ३०, ३२, ३५ आणि १८० दिवसांनी पैसे दिले. यांची सरासरी ५० येते. पण सातपैकी सहा पार्ट्या ३५ दिवसांच्या आतच पैसे देतात. एका पार्टीने सगळा आकडा ओढून नेला. अशा वेळी ‘मीडियन’, म्हणजे मधला आकडा पाहावा. तो ३० आहे आणि बाजाराची रीत तोच खरी सांगतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. त्यांत मोठे अंतर दिसले की कोणीतरी फार अडकले आहे असे समजावे.

याहून मोठा धोका पुढे आहे. समजा, एका पार्टीची पाच बिले आहेत. तीन बिलांचे पैसे ३५, ४० आणि ४५ दिवसांनी आले, दोन अजून बाकी आहेत. बाकी बिलांपुढे कोणी शून्य दिवस लिहिले, तर सरासरी २४ येते आणि पार्टी फार चोख वाटते. जागा रिकामी ठेवली तर ‘आर’ तिथे ‘एनए’, म्हणजे ‘माहीत नाही’ असे धरते आणि सरासरी द्यायला नकार देते. हा नकार प्रामाणिक आहे. पण घाईत आपण ‘एनए काढून टाक’ असे सांगतो आणि सरासरी ४० मिळते. हे बरोबर वाटले तरी खरे नाही, कारण ज्याने पैसे दिलेच नाहीत त्याचीच बिले हिसाबातून गळाली. जितका वाईट देणेकरी, तितका तो या आकड्यातून सुटतो.

यावर उपाय सोपा आहे. बाकी बिलांसाठी आजच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजावेत. आजची तारीख ‘सिस डॉट डेट’ ही आज्ञा देते. ती दोन बिले १८० आणि २२० दिवसांची असतील तर सरासरी १०४ होते, आणि पैसे येईपर्यंत ती वाढतच राहणार. म्हणजे तीच पार्टी, तीच बिले, आणि उत्तरे तीन : २४, ४० आणि १०४. पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवून नवा माल देणारा आणि तिसरा आकडा पाहून हात आखडणारा, या दोघांची दिवाळीनंतरची अवस्था सारखी राहणार नाही.

काम करताना

आज्ञा थेट न देता फाइलमध्ये लिहाव्यात आणि तेथून ‘कंट्रोल’ व ‘एंटर’ दाबून चालवाव्यात. प्रत्येक पायरीवर ‘हॅश’ खूण करून आपल्या शब्दांत टीप लिहावी. सहा महिन्यांनी ती आपल्यालाच उपयोगी पडते. एकच काम तिसऱ्यांदा करावे लागले तर त्याचे ‘फंक्शन’ करावे. सर्व पार्ट्यांचा निकाल एकदम हवा असेल तर ‘अ‍ॅग्रीगेट’ ही एकच आज्ञा पुरते.

चूक दाखवली गेली तर घाबरू नये. ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ आले की स्पेलिंग किंवा लहान-मोठे अक्षर तपासावे. ‘फंक्शन’ सापडत नाही असे आले तर बहुधा पॅकेज पुढ्यात घेतलेले नसते. अधिकची खूण येऊन थांबले तर कुठेतरी कंस किंवा अवतरण चिन्ह उघडे राहिले आहे, ‘एस्केप’ दाबून पुन्हा लिहावे. आणि कोणत्याही आज्ञेआधी प्रश्नचिन्ह टाकले की तिची माहिती समोर येते.

सुरुवात मागच्या तीन महिन्यांच्या बिलांनी करावी. घरात कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना शेजारी बसवावे. आज्ञा त्यांनी लिहाव्यात, बाजाराची अक्कल आपण द्यावी. एकट्या संगणकाला हे कळत नाही की अमुक पार्टी हंगाम संपल्यावरच देते, पण देते नक्की. आणि एकट्या आपल्याला हे कळत नाही की अशा भरवशाच्या पार्ट्या दर वर्षी किती कमी होत आहेत.