शिवारातली पाखरे : ओळखा, मोजा आणि कळवा

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



फाल्गुन लागला की फडातली धावपळ उतरणीला लागते. शेवटच्या तोडी चालू असतात, खोडव्याची कामे निघतात, सुरूच्या उसाला पाण्याच्या पाळ्या चालू असतात. याच दिवसांत शिवारात आणखी एक हंगाम चालू असतो, तो पाखरांचा. थंडीत आलेली पाहुणी पाखरे परतीच्या वाटेला लागतात. इथली कायमची पाखरे जोड्या जमवून घरटी करू लागतात. म्हणून पाखरे ओळखायला शिकायचे असेल, तर माघ ते वैशाख हा काळ फार सोयीचा. झाडांची पाने झडलेली असतात, पाणी मोजक्याच ठिकाणी असते आणि पाखरू आपणहून ओरडून ठिकाण सांगते.

आता कुणी म्हणेल, "साहेब, एकरी टनेज सोडून हे पाखरांचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

मोजणी कशासाठी?

आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सभासदांना आठवत असेल. जनावर मेले की माळावर टाकत आणि तास-दोन तासांत गिधाडांचा थवा उतरे. आज आपल्या शिवारात गिधाड शोधून सापडत नाही. ती कधी गेली, हे गावात कुणाला सांगता येत नाही, कारण ती असताना कुणी मोजली नव्हती.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र ती मोजलेली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात तिथल्या गिधाडांच्या नोंदी ठेवल्या होत्या. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा फार मोठी घट झाल्याचे दिसले. जुना आकडा हाताशी होता म्हणूनच ती घट सिद्ध करता आली. देशभरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उघड झाले. जनावरांना वेदना व सूज यांवर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरते. ते खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. आपल्या गोठ्यात जनावर आजारी पडले, तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम देता येईल का असे जरूर विचारावे. ते गिधाडांना बाधत नाही.

यातून घ्यायचा धडा असा की, पाखरू मुबलक असते तेव्हाच त्याची नोंद करायची असते. दुर्मीळ झाल्यावर मोजायला सगळेच येतात. माळढोकाचेही तसेच झाले. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर जिल्ह्यातील नान्नजसह मोठा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण माळ नांगराखाली आले, पाणी आले, ऊस आला, आणि त्याची जागा आक्रसत गेली. आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ आहे. आपण ऊसकरी आहोत, तेव्हा ही गोष्ट आपणच आपल्याला सांगितलेली बरी.

२०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ही सगळी माणसे शास्त्रज्ञ नव्हेत. हौसेने पाखरे पाहून तारीखवार लिहून ठेवणारे लोकच त्यांत जास्त. या अहवालाप्रमाणे मोर आणि कोकीळ वाढले आहेत. पण दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतो तो चास, म्हणजे नीलपंख, घटतो आहे. तारेवर बसणारे इतके ओळखीचे पाखरू कमी होते आहे, हे कळले ते नोंदींमुळे.

या दिवसांत काय पाहावे?

सोयीसाठी पाखरांचे तीन गट करू.

पहिला गट, निघालेले पाहुणे. भोरड्या, म्हणजेच पळस मैना, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्याकडे असतात. ज्वारीच्या कणसावर त्यांची धाड पडते म्हणून आपला त्यांच्यावर राग. फाल्गुनात मात्र त्या पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांवर मधासाठी गर्दी करतात. मार्च-एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे परत जातात आणि तिथे टोळ व नाकतोडे खाऊन पिल्ले वाढवतात. पिवळा धोबी आणि पांढरा धोबी हेही थंडीचेच पाहुणे. ओल्या सरीतून शेपटी वरखाली करत चालणारे पाखरू ते हेच. रात्री मुक्कामाला ते थव्याने उभ्या उसात उतरतात. सूर्यास्ताच्या सुमारास बांधावर उभे राहावे, म्हणजे मुक्कामाचा फड कळतो. आपल्या भीमाकाठच्या सभासदांना उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब आणि रोहित पाहता येतात. पट्टकदंब हिमालय ओलांडून येणारी बदके, ती उन्हाळ्याच्या तोंडाला जातात. रोहित पाणी ओसरून चिखल उघडा पडतो तिथे उन्हाळ्यातही दिसतात. या गटात शेवटचे कधी दिसले, ती तारीख महत्त्वाची.

दुसरा गट, घरटी करणारे घरचे. टिटवी मार्चपासून उघड्या रानात अंडी घालते. घरटे असे नसतेच. ढेकळांत चार खडे मांडावेत तशी मातकट, काळे ठिपके असलेली बहुधा चार अंडी असतात. वेडा राघू ओढ्याच्या दरडीत किंवा पाटाच्या कडेला बीळ करतो. चास झाडाच्या ढोलीत घर करतो. त्याआधी नर उंच जाऊन कोलांट्या खात खाली येतो, ते निळे पंख या दिवसांत अवश्य पाहावेत. कोतवाल, ज्याला कुणी कोळसा म्हणतात, तो दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी. आपल्या घरट्याजवळ तो कावळ्याला, घारीला फिरकू देत नाही, म्हणून इतर लहान पाखरे त्याच झाडाचा आसरा धरतात. नाव उगीच पडलेले नाही. भर दुपारी वडा-पिंपळावर 'टुक टुक' करणारा तो तांबट. उसाच्या फडातून 'कुक कुक' असा घुमता आवाज येतो तो भारद्वाजाचा. आणि 'कुहू' करते ती कोकिळा नव्हे बरं का, तो नर कोकीळ. मादी तपकिरी, ठिपक्यांची असते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. या गटात पहिली हाक, पहिले घरटे आणि पहिली पिल्ले यांच्या तारखा टिपाव्यात.

तिसरा गट, पावसाचे निरोपे. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा उन्हाळ्यात ओरडू लागतो. डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्याबरोबर आपल्याकडे येतो. मे अखेर ते जून या काळात तो प्रथम कधी दिसला, हे जरूर कळवावे.

उसाला त्यांचा उपयोग किती?

इथे भाबडेपणा नको. पाखरे असली म्हणजे कीड नाही, असे होत नाही. खोडकिडीची अळी पोंग्यात शिरली की तिथे पाखराची चोच पोचत नाही. तेव्हा पाखरांच्या भरवशावर ट्रायकोकार्ड लावणे कुणी बंद करू नये. पण उडते पतंग, भुंगेरे टिपण्यात कोतवाल तरबेज आहे. वेडा राघू गांधीलमाशा आणि इतर उडते किडे हवेतच धरतो. तो मधमाशाही खातो, हेही सांगितले पाहिजे. नांगरट चालू असताना मागे चालणारे गाय बगळे, साळुंक्या आणि कावळे उघडी पडलेली हुमणी वेचतात. म्हणून हुमणीग्रस्त रानाची नांगरट पहाटे अंधारात उरकण्यापेक्षा सकाळी उजाडल्यावर करावी. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर. ते अशुभ म्हणून त्याला हुसकणारा सभासद आपल्याच उसाच्या शत्रूला अभय देतो.

पाखरे हे शिवाराचे मोजमापही आहे. पाचट ठेवलेल्या खोडव्यात किडे-गांडुळे असतात, तिथे बगळे व साळुंक्या चरताना दिसतात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट जाळले, तर सेंद्रिय खत जाते आणि बांधाकडची अंडीही भाजून निघतात. शेजारशेजारच्या दोन फडांत एक पाचट ठेवलेला आणि एक जाळलेला असेल, तर दोन्हींत पंधरा-पंधरा मिनिटे पाखरे मोजून पाहावीत. आम्ही काही सांगण्यापेक्षा ते आकडे जास्त बोलतील.

नोंद कशी ठेवावी?

१) एक वही, एक पेन्सिल पुरे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

२) आठवड्यातून एकदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, ठरलेल्या एकाच वाटेवर १५ मिनिटे पाहावे. दर वेळी वाट बदलली तर आकड्यांची तुलना होत नाही.

३) तारीख, वेळ, गाव व शिवार, पाखराचे नाव, संख्या, ते काय करत होते आणि पिकाची स्थिती, एवढे लिहावे. नाव गावठी चालेल. नाव ठाऊक नसेल तर आकार, रंग, चोच, शेपूट आणि आवाज यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये.

४) मोठा थवा असेल तर आधी दहा पाखरे मोजावीत आणि तेवढ्या किती जागा थव्यात भरतील ते पाहावे. एकच पाखरू दोनदा मोजू नये.

५) जे नेहमी दिसते ते आज दिसले नाही, तर तेही लिहावे. न दिसणे हीदेखील नोंदच आहे.

नमुना असा : "१२ मार्च. सकाळी ६.५५ ते ७.१०. ओढ्याकाठचा खोडवा, तोड होऊन १५ दिवस, पाचट ठेवलेले. गाय बगळे १४, पैकी दोघांच्या मानेला केशरी छटा. साळुंक्या ९. कोतवाल ३. टिटवी १ जोडी, घिरट्या घालून ओरडते, जवळ अंडी असावीत. चास दिसला नाही."

एवढी नोंद झाली तरी पुष्कळ. घरात शिकणारी मुले असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. त्यांच्या मोबाईलवर ई-बर्ड नावाची मोफत सोय आहे, तिथे अशीच यादी भरली की ती देशाच्या नोंदीत जमा होते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पाखरांची मोजणी होते, तीत आपल्या शाळांना भाग घेता येतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा.

काय कळवावे, काय राखून ठेवावे

दर महिन्याच्या अखेरीस आपली नोंद गट कार्यालयात चिटबॉयकडे किंवा शेतकी मदतनिसाकडे द्यावी. पहिल्या-शेवटच्या तारखा, थव्यांच्या संख्या, मुक्कामाची ठिकाणे आणि आजारी वा मेलेली पाखरे यांची माहिती आम्हांला हवी. एकाच ठिकाणी बरीच पाखरे मेलेली आढळली तर महिनाअखेरची वाट न पाहता लगेच कळवावे. हात लावू नये, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये.

घरट्याचे नेमके ठिकाण मात्र चारचौघांत सांगू नये. घुबडाचे तर मुळीच नाही. जादूटोण्याच्या नादाने घुबडे पकडणारे लोक असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. फोटोसाठी घरट्याच्या फांद्या बाजूला करू नयेत. पिल्ले उन्हाने आणि कावळ्याने मरतात.

चार गोष्टी पाळाव्यात

फोरेट या दाणेदार विषाची विक्री व वापर डिसेंबर २०२० अखेर देशात बंद झाला. कुणाकडे जुनी पिशवी पडून असेल तर ती रानात फेकू नये. जमिनीवर राहिलेला दाणा पाखरू खाते आणि मरते. उंदरांना आमिष ठेवले तर मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. नांगरट करताना टिटवीची अंडी दिसली तर शेजारी काठी रोवून हातभर जागा सोडावी. महिनाभराचा प्रश्न असतो. आणि विहिरीवरची बाभूळ, बांधावरचा कडुनिंब, ढोलीचे जुने आंब्याचे झाड उगाच तोडू नये. पावसाळ्यात सुगरण त्याच बाभळीला, उसाच्या पानाच्या चिरोट्या काढून, खोपे विणते.

गळिताचा आकडा आपण रोज फळ्यावर वाचतो. साखर उताऱ्याची टक्केवारी तोंडपाठ असते. तशी पाखरांची एक ओळ प्रत्येक गावातून दर महिन्याला आली, तर दहा वर्षांनी आपल्या शिवारात काय वाढले आणि काय गेले, हे पुढच्या पिढीला कुणाला विचारत बसावे लागणार नाही. या अंकापासून आलेल्या नोंदी आम्ही गाववार छापणार आहोत. पहिली नोंद चालू आठवड्यातच करावी, कारण भोरड्या निघण्याच्या तयारीत आहेत.